सुट्टीचा गुरुवार

दुकानात कॉफीचा डबा वरच्या फळीवर होता आणि आर्डिस हाउगेनचा उजवा हात खांद्याच्या उंचीपर्यंत जाऊन थांबला. दुखला नाही. दुखला असता तर तिला बरं वाटलं असतं, कारण दुखण्याचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं. गेली वीस-बावीस वर्षं तिचा धंदाच तो होता. हात नुसता थांबला, शेजाऱ्याच्या कुंपणाशी येऊन माणूस थांबतो तसा. मग तिच्या डाव्या हाताने, तिला काही न विचारता, उजव्या कोपराला खालून आधार दिला आणि दोघांनी मिळून थोडं वर जाऊन पाहिलं. जमलं नाही. मागून एक चौकड्याच्या शर्टातले आजोबा म्हणाले, "काढून देऊ का तुम्हाला?" आणि ती एकदम म्हणाली, "नको नको, मला खालचीच हवी होती." मग खालच्या फळीवरचा, तिला मुळीच न आवडणारा डबा तिने ढकलगाडीत टाकला आणि पैसे देण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तो आधार तिने ओळखला होता. कोपराखाली तळवा, अंगठा बाहेर, मान किंचित त्याच बाजूला. तो नेल्डा क्रॅबट्रीचा होता. दुपारी तिने तो अंगावर चढवला होता आणि संध्याकाळ झाली तरी उतरवायचा राहिला होता, घरी येऊनही पायात ऑफिसचेच बूट राहावेत तसा.

मोटारीत बसल्यावर तिने हात पुन्हा वर करून पाहिला. आरशापर्यंत गेला, टपापर्यंत नाही. बाहेर रस्त्याच्या कडेला ढकललेलं बर्फ काळं पडलं होतं. हसू आलं तिला. बर्नेट कधीचा म्हणत होता, आर्डिसला वर्षातून इतक्या वेळा दुखापत होते की पेन्शन तिलाच द्यायला हवं. बर्नेट आणि ती, दोघंही राज्याच्या सरकारी वकिलांमधले पर्यवेक्षक. कामावर जखमी झालेल्या माणसाचा दावा राज्याच्या खात्याने नाकारला आणि त्या माणसाने अपील केलं, की खात्याच्या बाजूने उभं राहायचं काम त्यांच्या हाताखालच्या तरुण वकिलांचं. आणि त्या तरुणांना उभं राहायला शिकवायचं काम या दोघांचं. प्रत्येक सुनावणीच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत तालीम व्हायची. बर्नेट न्यायाधीश व्हायचा, डब्यातलं सँडविच खात. आर्डिस जखमी माणूस व्हायची. ही तिचीच काढलेली रीत होती: कागद वाचून उलटतपासणी शिकता येत नाही, समोर कुणीतरी दुखणारं हवं. तपकिरी रंगाचा एक जुना लोकरी कोट त्या खोलीच्या खुंटीवर कायमचा टांगलेला असे. तो चढवला की ती कधी पाठ धरलेला ट्रकवाला व्हायची, कधी बोटं तुटलेली मासे कापणारी बाई, कधी कानात सतत शिट्टी वाजणारा बॉयलरवाला. खालच्या मजल्यावरचे लोकही जेवणाचे डबे घेऊन बघायला यायचे. "आज कोण मोडलंय?" असं विचारत यायचे. त्यात क्रूरपणा नव्हता; ज्यांना दिवसभर दुसऱ्यांच्या मणक्यांचे फोटो बघायचे असतात त्यांचं ते हसणं होतं. ज्या माणसाची नक्कल करायची त्याला मात्र आर्डिसने कधी पाहिलेलं नसे. पर्यवेक्षकाने सुनावणीला जायचं नाही, गेलंच तर मागच्या खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. तिला तो माणूस कागदावरून घडवावा लागे. ती घडवायची, आणि संध्याकाळी मोडून टाकायची. आजवर कुणी मागे राहिलं नव्हतं. म्हणजे तिला तसं वाटत होतं.

नेल्डा क्रॅबट्री साठीला आलेली, इस्पितळाच्या धुलाईखान्यात पंचवीस-एक वर्षं ओल्या चादरी उचलून गरम रुळांवर चढवणारी बाई. उजवा खांदा गेला. दाव्यात तिने लिहिलं होतं की मार्चमधल्या एका गुरुवारी गाडा अडकला, तिने हिसडा दिला आणि खांद्यात काहीतरी तुटलं. खात्याने हजेरी मागवली. त्या गुरुवारी तिची सुट्टी होती. संपलं. सुट्टीच्या दिवशी गाडा कसा अडकेल? दावा नाकारला, शस्त्रक्रिया नाकारली, पेन्शनचा तर प्रश्नच नाही. ही केस मॅलरी प्रूइटकडे होती, ऑफिसात येऊन वर्षही न झालेली हुशार मुलगी, आणि आर्डिसनेच तिला म्हटलं होतं, "पहिली केस अशी मिळायला नशीब लागतं. एक प्रश्न विचार आणि बस खाली."

त्या दुपारच्या तालमीत मॅलरीने तो एक प्रश्न विचारला. "मिसेस क्रॅबट्री, त्या गुरुवारी तुम्ही कामावर होतात?"

तपकिरी कोटातल्या आर्डिसने म्हणायचं होतं, होते. मग मॅलरी हजेरी पुढे करणार होती. पण आर्डिसचा डावा हात उजव्या कोपराखाली गेलेला होता, मान कललेली होती, आणि तिच्या तोंडून आलं, "नव्हते. त्या दिवशी माझे केस पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी विंचरले."

मॅलरीने पानं उलटली. पुन्हा उलटली. "हे… हे कुठल्या साक्षीत आहे?"

"कशातच नाही," बर्नेट तोंडातला घास सावरत म्हणाला. "बाईसाहेबांना आज नाटक चढलंय. आर्डिस, जे लिहिलंय ते बोल ना बाई. त्या पोरीला कशाला घाम फोडतेस?"

सगळे हसले. तीही हसली. कोट काढून खुंटीला लावताना बाही खांद्यावरून सुटेना, मॅलरीने मागून ओढून काढली, "तुम्ही किती त्यात शिरता हो!" असं कौतुकाने म्हणत. ते वाक्य कुठून आलं हे आर्डिसला माहीत नव्हतं. बोलताना तिला ओल्या कंगव्याचा वास आला होता. कंगव्याला वास असतो का? असतो. नळाचं पाणी, पत्र्याची चव, आणि पलीकडे चुलीवरची कॉफी.

घरी येऊन तिने दिवा न लावता ओट्याशी उभं राहून तो नावडता डबा फोडला. वास चुकीचा होता, तरी पुरेसा होता. लाकूड चिरायच्या गिरणीच्या वसाहतीतलं तिच्या लहानपणचं स्वयंपाकघर. बाहेर अंधार, वडिलांची पहाटेची पाळी. ती जिन्याच्या पायरीवर रात्रीच्या कपड्यांत, गुडघे झग्यात ओढून. वडील चुलीकडे पाठ करून खुर्चीत, हात मांडीवर, आणि आई नळाखाली कंगवा भिजवून त्यांचे केस विंचरतेय. मधोमध नाही, डावीकडे भांग. "मान सरळ, इव्हार." वडिलांचे डोळे मिटलेले. दिवसभर ओल्या ओंडक्यांच्या चिरलेल्या फळ्या न थांबणाऱ्या साखळीवरून ओढून त्यांचे ढीग रचणारा हा दांडगा माणूस त्या खुर्चीत लहान मुलासारखा बसलेला. कुणी बोलत नसे. कंगवा केसांतून जाण्याचा आवाज तेवढा. आर्डिसला वाटायचं, लग्न म्हणजे हे. इतकं पक्कं वाटायचं की स्वतःचं लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ती कंगवा भिजवून लेनर्डच्या मागे जाऊन उभी राहिली, तर तो दचकून म्हणाला, "मला काय हात नाहीत?" त्या एका वाक्यावरून लग्न मोडलं असं नाही, त्याला पुढे आणखी बारा वर्षं लागली. पण कंगवा तिने तेव्हाच ठेवून दिला.

मला काय हात नाहीत. ओट्याशी उभ्या उभ्या तिला ते आईवडिलांचं घर एकेका खुंटीने आठवू लागलं. टॉवेलची खुंटी कमरेच्या वर जराशी. घड्याळ तर इतकं खाली की किल्ली द्यायला वाकावं लागे. कॉफीचा डबा, मीठ, साखर, सगळं ओट्यावर किंवा ओट्याखाली. वरच्या फळ्या रिकाम्या, त्यांवर आईने विणलेल्या जाळीच्या झालरी. वडील गेल्यावर घर विकलं तेव्हा घेणाऱ्या बाईने विचारलं होतं, "या खुंट्या इतक्या खाली का हो?" आणि आर्डिसने हसून सांगितलं होतं, "आमचं घराणंच बुटकं." वडील सहा फुटांच्या वर होते. चर्चमध्ये टोपी डाव्या हाताने काढायचे, लग्नाच्या दिवशी तिला निरोप देताना डावा हात हलवत होते, तिला वाटलं होतं उजव्यात रुमाल असेल. इतक्या खांद्यांचे कागद तिने वाचले होते. किती अंशांपर्यंत हात जातो, कुठे अडतो, कुठल्या बाजूला मान कलते, सगळं पाठ. फक्त तो एक खांदा तिने कधी वाचला नव्हता, कारण त्याचा कागदच नव्हता.

आईला फोन केला. आई नव्वदीकडे झुकलेली, नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात, जेवणं लवकर उरकून पत्ते खेळत बसणारी.

"आई, तू पापांचे केस का विंचरायचीस गं?"

"हे विचारायला फोन केलास? मी जिंकत होते."

"सांग ना."

"हात जात नव्हता त्याचा वर. का म्हणजे काय?"

"मला वाटायचं… मला वाटायचं तुझं प्रेम."

"मग? ते काय वेगळं असतं?" पलीकडे कुणालातरी आई म्हणाली, थांब गं, माझी पानं बघू नकोस. "दोन्ही होतं. एका कंगव्यात व्हायचं."

"मग त्यांनी गिरणीत सांगितलं का नाही? पैसे मिळाले असते, औषधपाणी झालं असतं."

"काय सांगणार? बोट कापलं की सांगता येतं, रक्त दिसतं. याला कोणता दिवस होता? ते पहिलं तेच विचारायचे, कधी लागलं. त्याला कुठे ठाऊक? रोजच लागत होतं." पलीकडे पत्ते पिसल्याचा आवाज आला. "मला मात्र दिवस आठवतो. लागला तो नव्हे, कळला तो. रविवार होता. चर्चला निघायचं, तू खाली बूट शोधतेयस, आणि हा आरशासमोर कंगवा घेऊन उभा. नुसता उभा. मी म्हटलं, आण इकडे. त्यावर बोललो नाही आम्ही कधी. तू का रडतेयस?"

"रडत नाहीये. कॉफी वाईट आहे."

"मग दुसरी आण," आई म्हणाली आणि खेळायला गेली.

आर्डिस अंधारात बसून राहिली. भीती वाटत होती, आणि ती वडिलांची नव्हती. वडील हातात येऊन बसले असतील तर बसू देत, त्यांचा हक्कच होता. भीती वेगळीच होती. खात्याचा कागद तारीख मागतो. तारखेचा चौकोन रिकामा ठेवला तर कागद परत येतो. रोज थोडं थोडं लागलेल्या माणसाने त्या चौकोनात काय लिहायचं? कायद्यात वाट होती. कामामुळे हळूहळू जडलेल्या व्याधीला तारीख लागत नाही, ती वेगळ्या कलमात बसते. पण ते नेल्डाला कुणी सांगितलं नसेल. तिच्या वकिलाने, टिलट्सनने, तिचा गुरुवार जसाच्या तसा उचलला असेल. आणि गाडा अडकला ही गोष्ट कुणीतरी विचारल्यावर, काय झालं, काय झालं, असं दहादा विचारल्यावर, तिने रचली असेल. कशी झाली हे सांगितल्याशिवाय जखम कुणी खरी मानत नाही. किंवा यातलं काहीच नसेल. ती सरळ खोटं बोलत असेल. आणि आर्डिस आपल्या बापाचं उत्तर एका अनोळखी बाईच्या तोंडात घालून बसली असेल. वीस वर्षं ती दुसऱ्यांची दुखणी अंगावर घालत होती. आज पहिल्यांदा तिने स्वतःचं दुखणं दुसऱ्याला घातलं होतं का? तिला ठरवता येईना. आणि समोरच्या पक्षाच्या माणसाला परस्पर फोन करून विचारायला वकिलाला बंदी असते.

सकाळी तिने मॅलरीला खोलीत बोलावून दार लावलं. "उद्या तो प्रश्न विचारू नकोस. त्याऐवजी विचार, तुम्ही तोच गुरुवार का सांगितलात."

मॅलरी बघत राहिली. "'का' विचारू? उलटतपासणीत? ज्याचं उत्तर माहीत नाही ते विचारायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला. पहिल्या दिवशी. फळ्यावर लिहून."

"पुसून टाक."

"आर्डिस, ती काहीही सांगेल. आणि ती जिंकली तर?"

"तर जिंकेल."

"ही माझी पहिली केस आहे," मॅलरी म्हणाली, आणि तिच्या आवाजातला ओलावा ऐकून आर्डिसला वाईट वाटलं. एक प्रश्न विचार आणि बस खाली, असं सांगून आपणच हिला गोड खाऊ दाखवला होता.

"हरलीस तर माझ्या नावावर लिही. तसा कागद देते तुला, सहीसकट."

दुपारी बर्नेट आला, दाराला टेकून उभा राहिला. मॅलरीने सांगितलंच असणार. "तुला बरं नाहीये का? आपला पक्षकार कोण, ते तरी आठवतं ना?"

"राज्य."

"हां. मग?"

"मग ती नेल्डा काय राज्याबाहेर राहते?"

बर्नेट जाताना म्हणाला, "हात कसा धरलायस तो बघ जरा. तालीम कालच संपली." तिने खाली पाहिलं. डावा तळवा, उजवं कोपर. तिने तो सोडवला आणि फायलीवर ठेवला, आणि थोड्या वेळाने तो परत गेला.

सुनावणीच्या खोलीत ती मागच्या खुर्चीत बसली. खिडकीतून नदी दिसत होती आणि खोली तापवणारा रेडिएटर खुडखुडत होता. तिने घडवलेली नेल्डा कृश होती, अंबाड्याची, हळू बोलणारी. आत आली ती रुंद, लाल गालांची बाई, आणि तिचे केस पुरुषासारखे बारीक कापलेले होते. विंचरायला काही उरलेलंच नव्हतं. एकटीच राहते, हे कागदात होतं आणि आर्डिसने ते वाचूनही वाचलं नव्हतं. हिचे केस दुसरं कोण विंचरणार होतं? कंगवा, नळ, चूल, सगळं तिचं स्वतःचं निघालं. शपथेला नेल्डाने डावा हात वर केला. न्यायाधीश ओगावाबाई म्हणाल्या, उजवा. नेल्डा म्हणाली, "तोच तर वाद आहे ना, बाई." टिलट्सन कसनुसा हसला.

टिलट्सनने तिच्याकडून गाड्याची गोष्ट वदवून घेतली. ती सांगताना नेल्डाचा आवाज सपाट झाला, पाठ केलेल्या धड्यासारखा. गाडा अडकला, मी हिसडा दिला, तुटल्यासारखं झालं. मॅलरी उठली. तिच्या हातात हजेरीचा कागद होता, आर्डिसला तो मागून दिसत होता. विचारेल तो एकच प्रश्न. विचारू दे, मग हे सगळं घरी नेऊन, नीट घडी करून, त्या वरच्या रिकाम्या फळीवर ठेवून देता येईल. मॅलरीने कागद टेबलावर पालथा ठेवला.

"मिसेस क्रॅबट्री, त्या गुरुवारी तुमची सुट्टी होती."

"होती."

"मग तुम्ही तोच दिवस का सांगितलात?"

टिलट्सन हरकत घ्यायला अर्धा उठला आणि कशाला हरकत घ्यावी ते न सुचून पुन्हा बसला. नेल्डाने त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. रेडिएटर थांबला.

"त्यांनी दिवस मागितला," ती म्हणाली. "गाड्याचं नंतरचं. काय झालं, काय झालं, सारखं विचारत होते, मग गाडा सांगितला. गाडे अडकतातच रोज. पण दिवस तोच होता." ती न्यायाधीशांकडे वळली. "कामाच्या दिवशी सगळ्यांचंच दुखतं. आमच्याकडे कोण कुणाला विचारतं? त्या दिवशी घरी होते. खुर्चीत बसले होते, काही करत नव्हते, टीव्ही चालू होता. आणि दुखत होतं. तेव्हा मला कळलं की हे धुलाईखान्याचं नाही राहिलं, हे माझ्याबरोबर घरी आलंय. मग मी तोच दिवस लिहिला. चुकलं का?"

मॅलरीने मागे वळून पाहिलं. भर सुनावणीत वकिलाने पर्यवेक्षकाकडे वळून बघायचं नसतं, तेही आर्डिसनेच शिकवलेलं. त्या मुलीचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती बघत राहिली. आर्डिसच्या डोक्यात कंगवा नव्हता, वडीलही नव्हते. एक खुर्ची होती, टीव्ही होता, आणि ते स्वयंपाकघर नव्हतं. ही जागा तिने कधी घडवली नव्हती. ती उठली. मागच्या खुर्चीतून उठून काही म्हणण्याची रीतच नव्हती, म्हणून शाळेतल्यासारखा तिने हात वर केला. तो खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. डाव्याने खालून कोपर धरलं.

ओगावाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. टिलट्सननेही. साक्षीच्या खुर्चीतली नेल्डा क्रॅबट्री तर डोळे बारीक करून त्या हाताकडे बघत होती, आणि तिच्या लाल गालांवरून रंग सरसर उतरत होता. आर्डिसला कळलं की तिला काय वाटतंय: सरकारची ही बाई सगळ्यांदेखत माझी नक्कल करतेय. हात खाली घ्यायला हवा होता. तो खालीही येईना. तिने तोंड उघडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्यापाशी कुणाचंही वाक्य नव्हतं.

नेल्डाची नजर त्या हातावरून आर्डिसच्या कललेल्या मानेकडे गेली. मग तिच्या कपाळावरची आठी हळूच सुटली.

"आधी तो खाली घ्या," ती म्हणाली, धुलाईखान्यात नव्या आलेल्या बाईला सांगावं तशी. "वर धरून ठेवला की रात्री छळतो. घ्या खाली. मग बोला काय ते, आम्ही कुठे पळतोय?"

आर्डिसने हात खाली घेतला. मग ती राज्याच्या वतीने म्हणाली की राज्याचा निर्णय चुकला आहे, आणि तो राज्याला मागे घ्यायचा आहे.